थोरलीच्या पोटातली मऊ पिन

मित्रांनो, प्रशिक्षण केंद्राच्या मैदानात पत्र्याच्या छपराखाली उभी असलेली ही लांबुडकी, गंजकी वस्तू पाहून मघाशी तुमच्यातला एक जण म्हणाला, "पाण्याची टाकी दिसतेय." त्याचा दोष नाही. माझा ड्रम काढून नेला आहे, आणि ड्रमावाचून मी दात पडलेल्या म्हातारीसारखीच दिसते. पण मी टाकी नाही. मी कोळसा कापणारी एक जुनी मशीन आहे. देवानं मला जीभ दिली नाही, दात मात्र चांगले छत्तीस दिले होते. आज बोलायची वेळ आली आहे, तर काही वेडंवाकडं निघालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारखीच दुसरी एक त्याच महिन्यात, त्याच साच्यांतून निघाली. आम्ही दोघी एकाच खाणीत आलो. मी चार दिवस आधी पोचले, म्हणून मी थोरली आणि ती धाकटी. खाणीतल्या माणसांनी ही नावं ठेवली आणि तीच चालू राहिली.

आमचं काम समजायला अवघड नाही. जमिनीखाली कोळशाचा थर भिंतीसारखा उभा असतो. त्या भिंतीच्या पायथ्याशी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड साखळी ताणून बांधलेली असते. त्या साखळीला धरून मी स्वतःला ओढत पुढं सरकायची, आणि माझ्या अंगाला लावलेला दातेरी ड्रम गरगर फिरत कोळसा कापत जायचा. कोळसा बिचारा गरीब असतो, खरडला की सुटतो. पण त्याच्या पोटात मधूनच लोखंडासारखे कडक दगड असतात. कुठं लिंबाएवढा, कुठं भोपळ्याएवढा. बाहेरून काही कळत नाही. पन्नास हात सुरळीत जावं आणि एकावन्नाव्या हाताला असा दणका बसावा की कवळी हलावी.

हे माझ्या घडवणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी माझ्या अंगात एक जागा मुद्दाम कमकुवत ठेवली. मोटर आणि ड्रम यांच्या मधल्या जोडात, एका छोट्या झाकणाआड, बोटाएवढी मऊ पोलादाची पिन. दगडाचा जोर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की ती पिन कट्कन तुटायची, ड्रम जागच्या जागी थांबायचा, आणि बाकी सगळं शाबूत राहायचं. मग फिटरनं यायचं, तुकडे काढायचे, नवी पिन बसवायची. वीस मिनिटांचं काम. माझ्या एवढ्या मोठ्या देहात सर्वांत शहाणी गोष्ट कोणती म्हणाल, तर तेवढीच.

माझा चालक होता सावकाश. खरं नाव काहीतरी वेगळं होतं, पण कोणी "चल रे लवकर" म्हटलं की तो म्हणायचा, "सावकाश." जेवतानाही सावकाश, बोलतानाही सावकाश. मला चालू करण्याआधी तो उजवा तळवा माझ्या पाठीवर टेकवायचा, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काही म्हणायचा, आणि मगच कळ दाबायचा. एकवीस वर्षांत हा नेम त्यानं एकदाही मोडला नाही. पुढं पाळीभर त्याचा हात माझ्या अंगावरच असे. कुठलं बेअरिंग कुरकुरतंय, कुठला दात बोथट झालाय, हे त्याला तळव्याला कळायचं. त्याची बायको वर दिवाघरात होती. खाली जाणाऱ्या प्रत्येकाला दिवा द्यायचा आणि त्याच्या नंबराचा पितळी बिल्ला खुंटीवर लावायचा, वर आला की दिवा घेऊन बिल्ला परत द्यायचा, हे तिचं काम. नवऱ्याला दिवा देताना ती रोज म्हणायची, "हा घ्या, आणि आज तरी दिवा विझायच्या आत वर या." सगळे हसायचे.

आमचा फिटर होता मामा. तो एकाच मुलीचा मामा होता, पण सगळी खाण त्याला मामाच म्हणायची. त्या मुलीची आई, म्हणजे मामाची बहीण, मूल तीन वर्षांचं असताना वारली. मामानं भाचीला आपल्या घरी आणलं, तळहातावरच्या फोडासारखं जपलं, शिकवलं. ती इंजिनिअर झाली आणि आमच्याच खाणीच्या आराखडा विभागात लागली. त्या दिवशी मामा माझ्या गिअरपेटीत तेल ओतता ओतता इतका बोलत होता की तेल उतू गेलं.

भाची माझ्यासाठी नवा ड्रम घेऊन आली. जुन्या ड्रमावर दात सरळ रांगांत होते, रांगेतले सगळे दात एकदम दगडाला भिडायचे. तिनं दात मळसूत्रासारखे, गोल चढत्या रेघेत बसवले होते, म्हणजे एका वेळी एकदोनच दात भिडावेत आणि दणका वाटला जावा. ते सांगायला ती खाली आली. माणसं डबे उघडून बसली होती.

"खाणीतला भार यादृच्छिक असतो," ती म्हणाली.

"या-दृ... काय?" सावकाशनं घास हातातच ठेवला.

"म्हणजे कधी, कुठं, किती येईल ते आधी सांगता येत नाही असा."

"मग सरळ सासूचा राग म्हणा की."

हशा पिकला. तीही हसली. मग म्हणाली, "जुना ड्रम बरा की नवा, हे एका दणक्यावरून ठरत नाही. भरपूर दिवस मोजावं लागतं. मोटरवरचा भार कागदावर आलेखात उतरवणारं आपलं पेन जड आहे, क्षणाचा दणका त्याला टिपता येत नाही, ते सरासरीच दाखवतं. पण पिन ठरलेल्या जोराला तुटते. म्हणून तुटलेल्या पिना मोजायच्या. चाळीस पाळ्या. जुन्या ड्रमानं चाळीस पाळ्यांत अडतीस पिना तोडल्यात. नव्यानं पंचवीसच्या आत तोडल्या, तर नवा पास. मामा, प्रत्येक तुटलेली पिन वहीत लिहायची आणि तुकडे या डब्यात टाकायचे. कराल ना?"

"तू सांगितलंस आणि मी केलं नाही, असं झालंय का कधी?"

मित्रांनो, पुढचं सगळं इथंच फसलं. भाचीच्या लेखी पिन ही मोजपट्टी होती. मामानं आयुष्यभर तिची प्रगतिपुस्तकं पाहिली होती. त्याला ते गुणपत्रक वाटलं. तुटलेली प्रत्येक पिन म्हणजे पोरीच्या नावावर लाल रेघ.

पहिल्या पाच पाळ्यांत चार पिना तुटल्या. आम्ही नेमके दगडांच्या पट्ट्यात होतो, एवढंच त्याचं कारण. पाच पाळ्यांवरून काही ठरत नसतं, असं ती स्वतः सांगून गेली होती. पण मामानं वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. पाच पाळ्यांना चार, तर चाळीसला बत्तीस. पोर नापास.

सहाव्या पाळीला तो माझ्याजवळ एकटाच आला. झाकण उघडलं. मऊ पिन बाहेर काढली आणि तिच्या जागी एक कडक पोलादाचा तुकडा बसवला. वरच्या वर्कशॉपमध्ये त्यानं तो लेथवर अगदी मापात कातून आणला होता. इतका सुंदर बसला! मामाचं काम नेहमीच सुंदर असायचं. झाकणाचे स्क्रू आवळताना तो पुटपुटला, "पोरीचे एवढे चाळीस दिवस निभावून ने गं थोरले. मग काढतो."

मी काय करणार? मला पाय फुटले असते तर वर धावत गेले असते.

आता दगड लागला की पिन तुटेना. तो जोर जोडातून मागं यायचा, गिअरपेटीत शिरायचा, माझ्या हाडांतून उतरायचा आणि शेवटी साखळीवर जायचा. साखळी ताणली जायची, सैल पडायची, परत ताणली जायची. तिचं प्रत्येक कडं हे सोसत होतं. सोसणाऱ्याकडं कोणाचं लक्ष जात नाही, कारण तो थांबत नाही.

रोज शून्य लिहिलं तर संशय येईल, म्हणून मामा आठवड्याला एखादी पिन शेगड्याच्या पकडीत धरून हातोड्यानं तोडायचा, तुकडे डब्यात टाकायचा आणि वहीत नोंद करायचा. तेवढं करताना त्याची मान खाली असायची.

एकदा सावकाश त्याला म्हणाला, "मामा, थोरलीचं काहीतरी बिनसलंय. मार खाते, पण ओरडत नाही. माझ्या हाताला बरं लागत नाही."

"नवा ड्रम आहे. सवय होईल तुझ्या हाताला," मामा म्हणाला, आणि पाना शोधायच्या निमित्तानं दुसरीकडं गेला.

चाळीस पाळ्या झाल्या. वहीत पिना नऊ. अडतीसच्या जागी नऊ! भाचीनं आकडे पाहिले आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. साहेबलोक खाली आले, माझ्यासमोर उभे राहिले, माझ्या पाठीवर थापा मारल्या. डबा कोपऱ्यात होता. तो उघडून तुकडे पाहायचे, हे भाचीनंच ठरवलं होतं. पण आनंदात माणूस पुरावा मागत नाही. डबा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मामा पिन बदलायला आला. खिशात मऊ पिन होती, मला दिसत होती. मुकादम म्हणाला, "मशीन थांबवायची? का? पिन तुटलीय?"

"नाही, पण..."

"तुटली नाही तर बदलायची कशाला? उद्या मला विचारतील वीस मिनिटं कुठं गेली. जा मामा, घरी जाऊन भाचीला पेढेबिढे भरवा."

सगळे हसले. मामाला खरं कारण सांगता येईना. तो तसाच परत गेला. तो आणखी दोनदा आला आणि दोनदा परत गेला.

आणि मग वरून हुकूम आला. नव्या ड्रमानं भार कमी झाला आहे, तेव्हा मशीन दुसऱ्या खाचेत चालवावी. दुसरी खाच म्हणजे दीडपट वेग. माझ्या पाठीवरच्या पत्र्यावर छापलेलं होतं की दगडाच्या भागात पहिलीच खाच वापरावी. हुकूम मात्र तोंडी होता. सावकाशनं पत्र्याकडं बोट दाखवलं. मुकादम म्हणाला, "तो पत्रा जुना झाला."

त्या सकाळी सावकाशनं नेहमीसारखा तळवा टेकवला. डोळे मिटले. नेहमीपेक्षा थोडा जास्तच वेळ मिटले. मग आम्ही निघालो.

साठ-सत्तर हात गेल्यावर दगड लागला. मोठा होता. ड्रम त्यात अडकला. पोटात मऊ पिन असती, तर कट्कन आवाज झाला असता, सावकाश म्हणाला असता, "बोलवा मामाला," आणि सगळ्यांना वीस मिनिटं बसायला मिळालं असतं. पण मला थांबता येईना. मोटर फिरत राहिली, मी दगडावरून मागं फेकले गेले, साखळी एका झटक्यात ताणली गेली आणि तुटली. तुटकं टोक चाबकासारखं भिंतीकडून फिरून आलं. सावकाशचा हात माझ्या अंगावर होता. सावकाश कमरेत मोडला.

त्या दिवशी सगळ्यांचे बिल्ले परत गेले. एक खुंटीवर राहिला. नऊ दिवस तो तिथंच होता. नवव्या दिवशी सावकाशनं दवाखान्यात प्राण सोडला.

मला वर वर्कशॉपमध्ये आणून ठेवलं. चौकशीची माणसं आली. त्यांनी साखळीचं तुटकं कडं पिशवीत घातलं, वेगाचा दांडा पाहिला, तो दुसऱ्या खाचेत होता. पत्र्यावरची सूचना उतरवून घेतली. वही पाहिली. पिन तुटलेली नाही, म्हणजे ड्रमावर भार मर्यादेतच होता. मग साखळी का तुटली? त्यांच्यातल्या एकानं मोठ्यानं वाचून दाखवलं, "चालकाने सूचनेविरुद्ध, घाईने, मशीन दगडात घातली." माझं झाकण कोणी उघडलं नाही.

भाची तिथंच उभी होती. सावकाशची बायको दिवाघरातून आली होती. पदर गच्च धरून ती म्हणाली, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारते. दुसरं काही लिहा. चुकले म्हणा, डोळा लागला म्हणा. घाई नका लिहू. ते लग्नाच्या दिवशीसुद्धा दीड तास उशिरा आले होते हो. माझ्या बापानं सगळ्यांदेखत ऐकवलं, तरी हसत उभे. घाई त्यांच्या अंगातच नव्हती. असं लिहिलंत, तर मी कोणाबरोबर राहिले इतकी वर्षं?"

भाचीनं नुसतं गप्प राहणं पुरेसं होतं. दोष मेलेल्या माणसावर जात होता, तिचा ड्रम पास होता, सगळं सुरळीत होतं. पण ती वहीबरोबर वर आणलेला तुकड्यांचा डबा उचलून उजेडात गेली.

पिन भारानं तुटली की तिचं तोंड सपाट आणि चकचकीत निघतं, सुरीनं कापल्यासारखं. हातोड्यानं तोडली की ती आधी वाकते, आणि कडेला हातोड्याचा चपटा वण राहतो. डब्यात चार पिना सपाट होत्या. पाच वाकलेल्या.

ती खाली बसली. मग उठली, स्वतः पाना घेतला आणि माझं झाकण उघडलं. तो तुकडा तिनं हातात घेतला. त्याचं कातकाम इतकं सुबक होतं की कोणाचं ते विचारायची गरज नव्हती. तरी तिनं विचारलं. मामा दारात उभा होता.

"मामा, हे कोणी घातलं?"

"पहिल्या पाचांत चार गेल्या होत्या गं."

"हे कोणी घातलं?"

"मी." मामा भिंतीला टेकला. "तुझी आई जाताना म्हणाली होती, पोरीला कशात कमी पडू देऊ नकोस. मला वाटलं, एवढे चाळीस दिवस... मी काढणार होतो. तीनदा आलो होतो काढायला."

"सांगितलं का नाहीत?"

"काय सांगणार? तू पास झाली होतीस."

भाचीनं त्याचा हात धरला नाही, आणि ती ओरडलीही नाही. ती तिथंच वर्कशॉपच्या टेबलावर लिहायला बसली. मी सगळं पाहिलं. तिनं लिहिलं की मऊ पिनेच्या जागी कडक तुकडा होता, म्हणून मशीन थांबू शकली नाही. कोणी बसवला तेही लिहिलं. तिथं पेन अडलं, पण लिहिलं. दुसऱ्या खाचेचा हुकूम वरून आला होता, चालकानं हरकत घेतली होती. पुढं स्वतःबद्दल, "माझी चाचणी रद्द समजावी. तुकड्यांचा डबा उघडून पाहणं हे माझं काम होतं, ते मी केलं नाही." आणि शेवटी, वेगळ्या ओळीत, "चालकाने कोणतीही घाई केलेली नाही."

मामा चौकशी मंडळापुढं उभा राहिला आणि काहीही न लपवता बोलला. त्याचं फिटरचं काम गेलं. कोणी त्याला शिव्या दिल्या, कोणी नाही दिल्या. तो कोणाच्याच नजरेला नजर देत नसे. सावकाशच्या बायकोला भाचीनं ती शेवटची ओळ वाचून दाखवली. तिनं ती तीनदा वाचायला लावली. तिसऱ्यांदा ऐकल्यावर "बरं" म्हणाली आणि कामावर गेली. पाळी सुटायची वेळ झाली होती, माणसं दिवे घेऊन उभी होती.

चार महिन्यांनी मला दुरुस्त करून परत खाली नेलं. नवी साखळी, नवा चालक, नवा फिटर, आणि तोच मळसूत्री ड्रम. पोटात मऊ पिन. पुन्हा चाळीस पाळ्या. या वेळी भाची रोज खाली येऊन तुकडे स्वतः बोटांनी चाचपून पाहायची. चाळिसाव्या पाळीच्या शेवटी तिनं वही मिटली. पिना तुटल्या होत्या बावीस.

पंचवीसच्या आत.

सगळे वर गेले तरी ती थांबली. माझ्या पाठीला पाठ लावून खाली बसली. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. मग ती म्हणाली, "मामा, मी पास होणार होते हो." मामा तिथं नव्हता. ऐकायला मीच होते.

नंतर मी आणखी सहा वर्षं चालले. मग नव्या मशीन आल्या. मोडीत काढण्याऐवजी मला इथं आणून ठेवलं, खाणीत उतरणाऱ्या तुम्हा नव्या मंडळींना दाखवायला. पावसाचं पाणी छपरातून ठिबकतं, सांध्यांत गंज धरलाय, झाकणाचा एक स्क्रू हरवलाय. माझी त्याबद्दल फार तक्रार नाही. ते झाकण मात्र गंजून चिकटू देऊ नका. महिन्यातून एकदा तेलाचा थेंब सोडा आणि आत बोट घालून पाहा.

आणि मित्रांनो, हात जोडता येत नाहीत म्हणून नुसतंच विनवते. ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याचं चुकलेलं झाकू नका. त्याच्या वाटचा दणका गुपचूप पुढं ढकललात, तर तो पुढं कुठंतरी जातोच, आणि तिथं कोणीतरी उभं असतं. मामा वाईट माणूस नव्हता. त्याच्याइतकी माया करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एक बोटाएवढी गोष्ट त्यानं तुटू दिली नाही. बाकी काही नाही.

मला त्या सकाळी थांबायचं होतं. वीसच मिनिटं.